नैराश्याची गोळी: सुरू कशी करावी, चालू कशी ठेवावी, बंद कशी करावी

नैराश्यावरच्या गोळ्यांची आपल्याकडे भीती भरपूर आहे, पण ती भलत्याच ठिकाणी आहे. ‘सवय लागेल’, ‘डोकं सुन्न होईल’, ‘एकदा सुरू झाली की आयुष्यभर सुटणार नाही’ असं म्हणून कित्येक जण गोळी सुरूच करत नाहीत. सुरू केलीच तर महिनाभरात बरं वाटायला लागतं आणि गोळी एका रात्रीत बंद होते. ज्याची खरोखर भीती बाळगायला हवी ते मात्र बिनधास्त चालतं. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून तीच गोळी दर महिन्याला आणली जाते. शेजारणीला लागू पडली म्हणून तिच्याकडची अर्धी स्ट्रिप मागून घेतली जाते. त्याच दिवशी अंगदुखीची गोळी आणि खोकल्याचं सिरपही पोटात जातं, आणि कुणाला काही विचारलं जात नाही.

उल्हासनगर कॅम्प ५, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातला वाचक डोळ्यांसमोर ठेवून या औषधांचा हा आढावा घेतला आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. या औषधाला सुरुवात असते, मधला काळ असतो आणि शेवट असतो. तिन्ही टप्प्यांवर डॉक्टर आणि रुग्ण दोघंही हजर असतील तर ही औषधं बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. यातला एखादा टप्पा एकट्याने किंवा मेडिकलच्या काउंटरवर उरकला, की धोका सुरू होतो.

आजार मोठा, उपचार थोड्यांना

उल्हासनगर वसलं तेच घरदार सुटलेल्या माणसांनी. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींत उतरलेली सिंधी कुटुंबं, आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते झालेलं नामकरण, हा इतिहास इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जेमतेम १३ चौरस किलोमीटरांत २०११ च्या जनगणनेला पाच लाखांहून अधिक माणसं राहत होती. आज कॅम्प ५ मध्ये सिंधी दुकानदार आहेत, मराठी चाकरमानी आहेत, उत्तरेकडून आलेले जीन्सचे कारागीर आहेत. कुणी पहाटेची लोकल पकडून मुंबईला जातो, कुणी पत्र्याच्या गाळ्यात रात्रपाळीला मशीन चालवतो. उदासी या सगळ्यांकडे येते, पण तिला ‘टेन्शन’, ‘कमजोरी’, ‘गॅस’, ‘झोप नाही’ अशी नावं पडतात.

निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती. महाराष्ट्र त्यात नव्हता, तरी त्या आकड्यांवरून देशाचा अंदाज येतो. साधारण वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होऊन गेलेला असतो किंवा सध्या असतो, आणि नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचत नाहीत. म्हणजे या औषधांचा चुकीचा वापर हा जसा प्रश्न आहे, तसाच गरज असून औषध न मिळणं हाही आहे. या लेखातली सावधगिरी वाचून कुणी चालू गोळी सोडली किंवा डॉक्टरकडे जायचं टाळलं, तर लेखाचा हेतूच फसला असं समजावं.

ही औषधं आली कुठून

नैराश्यावरचं पहिलं औषध क्षयरोगाच्या वॉर्डात सापडलं. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड देऊन पाहत होते. फुप्फुसांचं काय व्हायचं ते होवो, पण मरगळून पडलेली माणसं उठून बसू लागली, जेवू लागली, हसू-बोलू लागली. पाठोपाठ १९५७ मध्ये रोलंड कून या स्विस डॉक्टरांनी इमिप्रामिनचा गुण जाहीर केला. त्याच कुळातलं अमिट्रिप्टिलिन आजही आपल्याकडे नैराश्याबरोबरच अर्धशिशी आणि नसांच्या दुखण्यासाठी लिहिलं जातं. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला परवानगी मिळाली आणि आज सर्वाधिक वापरलं जाणारं कुळ सुरू झालं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही त्याचीच भावंडं. व्हेन्लाफॅक्सिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिन दुसऱ्या कुळातली. मिर्टाझापिन आणि बुप्रोपिऑन यांची वाट आणखी वेगळी.

ही औषधं काम करतात का, यावर गेली काही वर्षं बराच वाद झाला. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १,१६,४७७ रुग्ण होते. सर्वच्या सर्व २१ औषधं नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक मध्यमच होता. २०२२ मध्ये जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य येतं’ या लोकप्रिय स्पष्टीकरणाला भक्कम पुरावा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एखादं औषध नेमकं कोणत्या मार्गाने गुण देतं हे पुरतं उलगडलेलं नसलं, तरी ते गुण देतं का हे चाचणीत मोजता येतं. रुग्णाच्या दृष्टीने यातून हाती लागतं ते असं: गोळीकडून जादूची अपेक्षा नको, आणि ‘हे सगळं थोतांड आहे’ असं म्हणायलाही आधार नाही.

सुरू करण्याआधी

प्रत्येक उदासीला गोळी लागत नाही. नोकरी गेली, घरात कुणी गेलं, म्हणून काही आठवडे खचलेलं मन हे दुःख असतं. आजाराची शंका तेव्हा घ्यावी, जेव्हा दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहतं, कशातच रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, हातून काम होत नाही, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं किंवा मरणाचे विचार येतात. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही साधी प्रश्नावली डॉक्टर यासाठी वापरतात. ती मराठी आणि हिंदीतही मिळते. तिच्यावरून तीव्रतेचा अंदाज येतो, निदान मात्र समोर बसून बोलल्यावरच होतं.

सौम्य नैराश्यात पहिला उपाय म्हणून सरसकट गोळी देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तिथे समुपदेशन आणि दिनक्रमातले बदल आधी येतात. मध्यम आणि तीव्र आजारात मात्र गोळीला महत्त्वाची जागा आहे.

चिठ्ठी हातात घेण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी स्वतःहून सांगाव्यात. पहिली: पूर्वी कधी उलट अवस्था आली होती का? म्हणजे काही दिवस झोप न लागताही उत्साह ऊतू जाणं, तोंड न थांबणं, पैसे उधळणं, चिडून अंगावर जाणं. असं झालं असेल तर आजार द्विध्रुवी असू शकतो, आणि अशा रुग्णाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो उन्मादाच्या टोकाला जाऊ शकतो. दुसरी: घरात रक्ताच्या नात्यात कुणाला असा आजार होता का. तिसरी: सध्या चालू असलेली सगळी औषधं, बीपी-शुगरच्या गोळ्यांपासून आयुर्वेदिक काढ्यापर्यंत. चौथी: दारू, आणि किती. थायरॉइड मंदावला असेल, रक्त कमी असेल किंवा बी-१२ची कमतरता असेल तरी माणूस असाच थकलेला आणि खिन्न दिसतो. म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात तेव्हा तो फुकटचा खर्च समजू नये.

गोळी लिहून द्यायचा अधिकार मनोविकारतज्ज्ञांना आहे आणि एमबीबीएस फॅमिली डॉक्टरही साधा आजार हाताळू शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात, ते औषध देत नाहीत. दोघांची गरज वेगवेगळी आहे आणि अनेकदा दोघंही लागतात.

पहिले सहा आठवडे

सर्वांत जास्त गोळ्या याच काळात सुटतात, कारण त्रास आधी होतो आणि गुण मागाहून येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पोट ढिलं होणं, हातापायांत अस्वस्थता, झोप उडणं किंवा उलट गुंगी येणं हे सगळं होऊ शकतं. आपल्याकडे याला ‘औषध गरम पडलं’ म्हणतात आणि गोळी कपाटात जाते. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी आणि गुंगी येत असेल तर रात्री घ्यायची, हा बदल डॉक्टरांना विचारून सहज करता येतो. मनावरचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पुरता अंदाज सहा आठवड्यांनी येतो. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक असतात, हे अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात दिसलं. पहिली गोळी लागू पडली नाही म्हणून आजार असाध्य ठरत नाही. डोस वाढवणं किंवा औषध बदलणं ही उपचारातली नेहमीची पायरी आहे.

जीन्सच्या गाळ्यात कटिंग किंवा वॉशिंगच्या मशीनवर काम करणारा, रिक्षा चालवणारा, उंचावर काम करणारा असेल त्याने पहिले काही दिवस विशेष जपावं. मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिनची गुंगी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रेंगाळते. डॉक्टरांना कामाचं स्वरूप आणि पाळी सांगितली तर औषध आणि वेळ त्यानुसार निवडता येते.

२५ वर्षांखालच्या रुग्णांसाठी एक इशारा महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतली सूचना सक्तीची केली. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना काही तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अशी ती सूचना. याचा अर्थ तरुणांना औषध देऊच नये असा नाही, कारण उपचार न केलेलं नैराश्य स्वतःच जीवघेणं असतं. अर्थ असा, की पहिला महिना घरच्यांनी मुलावर बारीक लक्ष ठेवावं, डॉक्टरांची भेट आठवडा-पंधरा दिवसांनी व्हावी, आणि अचानक वाढलेली बेचैनी, चिडचिड, झोप पूर्ण उडणं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करावा.

लैंगिक इच्छा कमी होणं, वजन वाढणं, घाम, आणि ‘ना रडू येतं ना हसू’ अशी भावनांची बोथट अवस्था हे नंतर जाणवणारे परिणाम. लाजेपोटी लोक पहिल्याबद्दल बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरांसाठी ही रोजची तक्रार आहे आणि तिच्यावर उपाय आहेत.

पाकीट उलटं करून वाचा

आता हातातली स्ट्रिप उलटी करा. मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेलं नाव असतं. त्याच्या आसपास बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम असतात. आपण ज्याला ‘दहा पॉवरची गोळी’ म्हणतो ती हीच. शिवाय ही औषधं अनुसूची एच मध्ये असल्याने नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावीत, अशी सूचना छापलेली असते.

त्या बारीक अक्षरांत पुष्कळदा दोन नावं दिसतात: एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. ही जोडगोळी आपल्याकडे भरपूर खपते, आणि ‘सवय लागते’ या भीतीचं खरं मूळ तिथे आहे. एस्सिटालोप्राम नैराश्याचं औषध आहे. त्याची ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. क्लोनाझेपाम हे अल्प्राझोलाम आणि डायझेपामच्या कुळातलं, घबराट शमवणारं आणि झोप आणणारं औषध. ते पहिल्या दिवसापासून बरं वाटायला लावतं, म्हणून सुरुवातीचे दोन ते चार आठवडे आधाराला देतात. पुढे चालू राहिलं तर शरीराला त्याची सवय लागते, वयस्कर माणसं धडपडतात, स्मरणशक्ती मंदावते, आणि दारूबरोबर घेतलं तर श्वासही मंदावू शकतो. एकाच गोळीत दोन्ही असली की नैराश्याचं औषध वर्षभर चालू ठेवताना क्लोनाझेपामही नकळत वर्षभर पोटात जातं. म्हणून प्रत्येक भेटीत एक प्रश्न विचारायचाच: ‘डॉक्टर, यात झोपेचं औषध आहे का, आणि ते कधी थांबवायचं?’ वर्षानुवर्षं घेत असाल तर मात्र ते एकदम सोडू नका. अचानक सोडल्यास फिट येऊ शकते. ते हळूहळूच कमी करावं लागतं.

मेडिकलवाल्याने ‘ही नाही, पण सेम कंपोझिशन आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर घाबरू नका. फक्त मूळ नाव, मिलिग्रॅम आणि मूळ गोळी एसआर, सीआर, एक्सआर असेल तर तेच अक्षर, हे तिन्ही जुळतंय का पाहा. ही अक्षरं असलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती तोडून किंवा चुरडून घेतली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात भिनतो. जनऔषधी केंद्रातली जेनेरिक गोळी औषध म्हणून तीच असते. एस्सिटालोप्राम, फ्लुऑक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. वर्षभर घ्यायच्या औषधात हा खर्चातला फरक अनेक घरांना उपचार टिकवायला मदत करतो.

कशाबरोबर जपायचं

रोजच्या वापरातल्या बऱ्याच गोळ्यांचं या औषधांशी पटत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांच्याबरोबर फ्लुऑक्सेटिन-एस्सिटालोप्रामच्या कुळातली औषधं घेतली तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामोल बरं. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची सिरपं, अर्धशिशीवरची ट्रिप्टान औषधं आणि परदेशी हर्बल पूरकांत येणारं सेंट जॉन्स वर्ट यांनीही, या गोळ्यांप्रमाणेच, सेरोटोनिनचा परिणाम वाढतो. दोन्ही एकत्र आली तर क्वचित सेरोटोनिनचा अतिरेक होतो. ताप, दरदरून घाम, थरथर, स्नायू ताठर होणं, जुलाब आणि भ्रमिष्टपणा अशी त्याची लक्षणं असतात. असं दिसलं तर थेट रुग्णालय गाठायचं.

आपल्या भागासाठी लिनेझोलिडचा उल्लेख वेगळा करायला हवा. हे प्रतिजैविक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात वापरतात, आणि ते सेरोटोनिन मोडणाऱ्या विकराला अडवतं. दीर्घ क्षयात नैराश्य येणं अगदी स्वाभाविक आहे, त्यामुळे दोन्ही उपचार एकाच घरात, एकाच माणसाला लागू शकतात. तेव्हा क्षयरोग केंद्रातल्या डॉक्टरांना मनाच्या गोळीबद्दल आणि मनोविकारतज्ज्ञांना क्षयाच्या गोळ्यांबद्दल सांगणं ही लपवायची नव्हे, जीव वाचवणारी माहिती आहे.

स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन दिलं तर टॅमॉक्सिफेनचं काम कमी होऊ शकतं, म्हणून डॉक्टर वेगळं औषध निवडतात. दारू या सगळ्या काळात टाळलेलीच बरी. ती गुंगी वाढवते आणि नैराश्य खोल करते.

उपवासाचाही विचार हवा. कॅम्प ५ च्या चालिया मंदिरात जुलै-ऑगस्टमध्ये चालिहोचे चाळीस दिवस पाळले जातात, कुणाकडे नवरात्र असतं, कुणाकडे रमजान. व्रतासाठी गोळी सोडायची गरज नसते. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी बहुधा फराळाच्या किंवा इफ्तारीच्या वेळेवर नेता येते. ही वेळ व्रताच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठरवावी.

ज्यांनी अधिक जपायचं

वयस्कर माणसांत या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम घटू शकतं, विशेषतः बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तेव्हा. आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तोल जाऊ लागला तर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता सोडियम तपासून घ्यावं. एस्सिटालोप्राम आणि सिटालोप्रामचा जास्त डोस हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतो, म्हणून वयस्कर आणि हृदयरोगी यांना डोस कमी असतो आणि गरजेनुसार ईसीजी काढतात.

गरोदरपणात ‘बाळाला बाधेल’ म्हणून सासरी-माहेरी सगळे मिळून गोळी बंद करायला लावतात. हा निर्णय फक्त डॉक्टरांचा आणि त्या बाईचा. आई तीव्र नैराश्यात असणं हेही बाळासाठी धोक्याचंच. पॅरॉक्सेटिन सहसा टाळतात, काही औषधं तुलनेने बरी मानली जातात, आणि स्तनपान चालू असताना सर्ट्रालिनला पसंती असते कारण ते दुधात फार थोडं उतरतं. बाळंतिणीला रडू येणं पहिल्या काही दिवसांत नेहमीचं आहे. ते दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं तर तपासणी हवीच.

बंद करताना

बरं वाटू लागल्यावर गोळी साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. आजार आधीही एक-दोनदा येऊन गेला असेल तर हा काळ दोन वर्षं किंवा अधिकही असतो. ब्रिटनमधल्या ‘अँटलर’ या २०२१ च्या अभ्यासात दीर्घकाळ गोळी घेऊन बरं असलेल्या ४७८ जणांपैकी काहींची गोळी कमी करत थांबवली, इतरांची चालू ठेवली. वर्षभरात थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना आणि चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना आजार पुन्हा झाला. या आकड्यांत दोन्ही बाजू आहेत: गोळीने संरक्षण मिळतं, आणि थांबवूनही पुष्कळ जण ठीक राहतात.

एकदम थांबवल्यास चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं हे त्रास होतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये ते जास्त, फ्लुऑक्सेटिनमध्ये कमी, कारण ते शरीरातून सावकाश निघून जातं. पुष्कळांना वाटतं की आजार परतला, किंवा आपण व्यसनी झालो. खरं तर मेंदूला जुळवून घ्यायला वेळ मिळालेला नसतो.

हा वेळ किती लागतो याचं उत्तर मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये मांडलं. सिटालोप्रामचा २० मिलिग्रॅम डोस मेंदूतल्या सेरोटोनिन वाहकांपैकी सुमारे ८० टक्के व्यापतो. डोस निम्म्याच्याही खाली, ९ मिलिग्रॅमवर आणला तरी सुमारे ७० टक्के व्यापलेले राहतात. ५ मिलिग्रॅमच्या आसपास ६० टक्के. आणि १ मिलिग्रॅमच्याही खाली गेल्यावर कुठे ते २० टक्क्यांवर येतात. म्हणजे २० वरून १० वर येणं सोपं असतं, ५ वरून शून्यावर येणं सगळ्यात कठीण. म्हणून शेवटच्या पायऱ्या जास्त छोट्या आणि जास्त सावकाश असाव्या लागतात, काहींच्या बाबतीत आठवडे, काहींच्या बाबतीत महिने. ‘एक दिवसाआड घ्या’ ही पद्धत मात्र बहुतेक गोळ्यांना मानवत नाही. रक्तातली पातळी रोज वरखाली होते. एखादी गोळी विसरली तर आठवल्यावर घ्यावी. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यावी, पण दोन एकदम घेऊ नयेत.

गोळीच्या जोडीला

विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने आपल्या भागासाठी मोलाचं काम करून दाखवलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र आणि मध्यम नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. बंद पडलेली छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करणं हा त्यांचा गाभा. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण बरे झाले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटातले ३९ टक्के. आपल्याकडे हे व्हायला काही महागडी यंत्रं लागत नाहीत.

मदतीच्या जागा जवळ आहेत. १९०१ पासूनचं ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय लोकलने गाठता येतं, आणि तिथे ओपीडीतून औषध घेऊन परत येता येतं. भरती व्हावंच लागतं हा गैरसमज आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच संस्थेत समुपदेशन मिळतं. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला आहे, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखालचा समजून मदत द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखंच मानसिक आजाराला संरक्षण द्यायला सांगितलं आहे.

घरच्यांसाठी एक विनंती. मरणाचे विचार येणाऱ्या माणसाच्या घरात महिन्याभराच्या गोळ्या एकत्र उघड्या ठेवू नका. विशेषतः अमिट्रिप्टिलिन-इमिप्रामिनच्या कुळातल्या गोळ्या जास्त प्रमाणात पोटात गेल्या तर हृदयावर आघात करतात. डॉक्टरांना कमी दिवसांचा पुरवठा लिहायला सांगा, गोळ्या एका जबाबदार माणसाकडे कुलूपबंद ठेवा आणि रोजची गोळी हातात द्या. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात खिडकीजवळ ठेवू नका, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. जास्त गोळ्या घेतल्याची शंका आली तर माणूस ठीक दिसत असला तरी १०८ ला फोन करा आणि रिकामी स्ट्रिप बरोबर घेऊन रुग्णालयात जा.

आणि जे आज गोळी घेत आहेत त्यांच्यासाठी: एका वहीत गोळीचं मूळ नाव, मिलिग्रॅम, सुरू केल्याची तारीख आणि पुढच्या भेटीची तारीख लिहून ठेवा. कुठल्याही डॉक्टरकडे, दंतवैद्याकडे, मेडिकलमध्ये जाताना ती बरोबर न्या. शेवटच्या भेटीला सहा महिने उलटून गेले असतील तर या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, आणि तोवर गोळी चालू ठेवा.